विमानतळ-द्रुतगाडीची विद्युत्-रचना आणि बारामती–इंदापूरचा प्रश्न

विमानतळाला शहराशी जोडणाऱ्या विद्युत्-द्रुतगाडीचा विचार निघाला की सर्वसाधारणपणे पहिला प्रश्न विचारला जातो तो तिच्या कमाल वेगाचा. गाडी ताशी १२० किलोमीटर धावणार की १६०, यावर तिची योग्यता ठरते असा समज रूढ आहे. प्रस्तुत लेखात अशा गाडीच्या रचनेची व चालनाची मूलतत्त्वे मांडून हा समज कितपत खरा आहे हे तपासावयाचे आहे. तपासणीअंती असे दिसून येईल की, कमाल वेग हा या गाडीचा सर्वांत दर्शनी परंतु सर्वांत कमी फलदायी गुण होय. तिची खरी उपयुक्तता प्रवेग, थांब्यांची संख्या आणि दोन फेऱ्यांमधील कालावधी या तीन गोष्टींवर अवलंबून असते. या निष्कर्षाचा बारामती व इंदापूर या तालुक्यांशी निकटचा संबंध आहे, आणि तो लेखाच्या उत्तरार्धात स्पष्ट केला आहे.

१. पूर्वपीठिका

महाराष्ट्रातील विद्युत्-लोहमार्गाची परंपरा शंभर वर्षांची आहे. ३ फेब्रुवारी १९२५ रोजी मुंबईच्या व्हिक्टोरिया टर्मिनसपासून कुर्ल्यापर्यंत पहिली विद्युत्-गाडी धावली. १९३० सालच्या जून महिन्यात मुंबई–पुणे मार्गावर डेक्कन क्वीन सुरू झाली, तेव्हा विजेच्या तारा पुण्यापर्यंत पोहोचल्या होत्या. हे सर्व विद्युतीकरण १५०० व्होल्ट दाबाच्या एकदिश प्रवाहावर आधारलेले होते. १९५७ साली भारतीय रेल्वेने २५,००० व्होल्ट दाबाचा प्रत्यावर्ती प्रवाह प्रमाण म्हणून स्वीकारला. मुंबई विभागातील जुन्या पद्धतीचे परिवर्तन मात्र २०१६ साली हार्बर मार्गावर पूर्ण झाले. फेब्रुवारी २०२३ मध्ये मध्य रेल्वेने आपल्या सर्व ब्रॉडगेज मार्गांचे विद्युतीकरण पूर्ण केले. त्यामुळे पुणे–दौंड–सोलापूर हा मुख्य मार्ग, दौंड–बारामती ही शाखा आणि पुणे–मिरज मार्ग हे तिन्ही आज विजेच्या तारांखाली आहेत. आपल्या विवेचनाच्या दृष्टीने ही वस्तुस्थिती महत्त्वाची आहे, कारण जी साधनसामग्री इतरत्र नव्याने उभारावी लागते तिचा मोठा भाग येथे आधीच उभा आहे.

विमानतळासाठी स्वतंत्र द्रुतगाडी ही कल्पना तुलनेने अर्वाचीन आहे. लंडनच्या पॅडिंग्टन स्थानकापासून हीथ्रोपर्यंत १९९८ साली सुरू झालेली गाडी वाटेत कोठेही न थांबता सुमारे १५ मिनिटांत पोहोचते. त्याच वर्षी हाँगकाँग व ऑस्लो येथे आणि पुढच्या वर्षी स्टॉकहोम येथे तशाच सेवा सुरू झाल्या. भारतात अशा प्रकारची पहिली सेवा दिल्ली येथे २३ फेब्रुवारी २०११ रोजी सुरू झाली. मुंबईतील मेट्रोचा तिसरा मार्ग विमानतळाच्या दोन्ही टर्मिनलांखालून जातो. परंतु सुमारे ३३.५ किलोमीटरांत २७ स्थानके असल्याने त्यास द्रुतगाडी म्हणता येणार नाही. हा भेद केवळ नावाचा नसून त्यामागे गणित आहे. ते पुढे येईल.

२. शक्तीचा पुरवठा

सहा डब्यांची एक गाडी प्रवाशांसह ३०० टन वजनाची आहे असे गृहीत धरू. तिला दर सेकंदाला ०.८ मीटर प्रतिसेकंद इतका प्रवेग द्यावयाचा असेल, तर रुळांवर २४० किलोन्यूटन कर्षण-बल लागेल. गाडीचा वेग ताशी ६० किलोमीटर, म्हणजे सेकंदाला सुमारे १६.७ मीटर, होईपर्यंत हे बल कायम ठेवावयाचे झाल्यास त्या क्षणी लागणारी शक्ती ४,००० किलोवॅट होते. हवेचा व चाकांचा विरोध यात धरलेला नाही.

ही शक्ती तारेतून घ्यावयाची आहे. १५०० व्होल्ट दाबावर त्यासाठी जवळजवळ २,६७० अँपिअर प्रवाह लागेल. २५,००० व्होल्टवर तो केवळ १६० अँपिअर लागेल. तारेतील उष्णतारूप हानी प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात असल्यामुळे, तारेचा रोध सारखाच धरला तर, पहिल्या पद्धतीतील हानी दुसरीच्या सुमारे २७८ पट होते. व्यवहारात १५०० व्होल्टच्या मार्गावर तारा जाड ठेवून व उपकेंद्रे थोड्या थोड्या अंतरावर उभारून ही हानी आटोक्यात ठेवावी लागते. दूर अंतराच्या व जलद प्रवेगाच्या गाड्यांना उच्च दाबाचा प्रत्यावर्ती प्रवाह का मानवतो, याचे उत्तर या एका गुणोत्तरात आहे. अपवाद नाहीत असे नव्हे. हाँगकाँगची विमानतळ-गाडी १५०० व्होल्ट एकदिश प्रवाहावरच चालते, कारण तेथील इतर दाट वाहतुकीची व्यवस्था त्याच पद्धतीची होती.

तारेवर टेकलेल्या पेंटोग्राफमधून आलेला प्रवाह गाडीतील रोहित्रात उतरतो, तेथे त्याचा दाब कमी होतो, नंतर तो एकदिश केला जातो आणि शेवटी अर्धवाहक उपकरणांच्या साहाय्याने त्याचे बदलत्या कंप्रतेच्या त्रिकला प्रवाहात रूपांतर होते. हा प्रवाह प्रवर्तन-मोटारींना मिळतो. मोटारीची गती प्रवाहाच्या कंप्रतेवर अवलंबून असल्यामुळे कंप्रता हळूहळू वाढवीत नेली की गाडी धक्का न देता वेग घेते. उलट, गाडी थांबवावयाची असेल तेव्हा कंप्रता मोटारीच्या गतीपेक्षा किंचित कमी ठेवली की तीच मोटार जनित्र बनते आणि गाडीची गतिज ऊर्जा विजेच्या रूपाने तारेत परत जाते. यास पुनर्जनक गतिरोधन म्हणतात.

या ऊर्जेचे परिमाण उपेक्षणीय नाही. वरील ३०० टनांच्या गाडीची गतिज ऊर्जा ताशी १२० किलोमीटर वेगास सुमारे ४६ किलोवॅट-तास भरते आणि ताशी १६० वेगास सुमारे ८२. म्हणजे वेग एक-तृतीयांशाने वाढविला की प्रत्येक थांब्यामागे खर्ची पडणारी ऊर्जा जवळजवळ पावणेदोन पट होते. यातील काही भाग परत मिळतो हे खरे. परंतु सर्व मिळत नाही, आणि जो मिळतो तोही त्या वेळी घेणारी दुसरी गाडी अथवा विद्युत्-जाल असेल तरच उपयोगी पडतो.

३. शक्तीची विभागणी व प्रवेग

प्रवेगाची मर्यादा पुष्कळदा मोटारीमुळे न ठरता चाक व रूळ यांच्यातील आसंजनामुळे ठरते. सुमारे १२३ टन वजनाच्या एका विद्युत्-इंजिनाचा विचार करा. आसंजनाचा गुणांक ०.२५ धरल्यास ते इंजिन सुमारे ३०० किलोन्यूटनांपेक्षा अधिक बल देऊ शकत नाही. त्याहून अधिक दिले तर चाके जागच्या जागी घसरू लागतात. इंजिनासह एकूण १,२०० टनांच्या गाडीस यातून मिळणारा प्रवेग केवळ ०.२५ इतकाच होतो. गाडीच्या वजनापैकी दहावा हिस्सा ओढण्याचे काम करतो आणि उरलेले वजन निव्वळ ओझे असते.

बहुघटक विद्युत्-गाडीत, म्हणजे ज्या गाडीस स्वतंत्र इंजिन नसून अनेक डब्यांच्या खालीच मोटारी बसविलेल्या असतात तीत, ही अडचण दूर होते. अर्धे आस चालित असले तरी गाडीचे अर्धे वजन आसंजनास उपयोगी पडते, आणि ०.८ प्रवेगासाठी लागणारा गुणांक ०.१६ च्या आसपास राहतो. पावसाळ्यातील ओल्या रुळांवरही तो सामान्यतः साध्य असतो. मुंबईची उपनगरी गाडी याच तत्त्वावर चालते, दिल्लीची विमानतळ-गाडीही. या गाड्यांना दोन्ही टोकांस चालक-कक्ष असल्यामुळे अंतिम स्थानकावर इंजिन फिरविण्यात वेळ जात नाही. हा गुण वरकरणी क्षुल्लक वाटतो, परंतु फेऱ्यांच्या संख्येवर त्याचा सरळ परिणाम होतो.

४. वेळेचे समीकरण

दोन स्थानकांमधील अंतर अ, कमाल वेग व, प्रवेग प आणि मंदन म असे मानल्यास त्या अंतरास लागणारा काल पुढीलप्रमाणे येतो:

काल = अ/व + (व/२) × (१/प + १/म)

पहिले पद अखंड कमाल वेगाने धावल्यास लागणारा काल दाखविते, तर दुसरे पद प्रत्येक थांब्यापायी भरावी लागणारी किंमत. ध्यानात घेण्याजोगी गोष्ट ही की, वेग वाढला म्हणजे पहिले पद कमी होते परंतु दुसरे वाढते.

प्रवेग व मंदन दोन्ही ०.८ धरून ४.५ किलोमीटरांच्या अंतरासाठी हिशेब केला असता ताशी ८० वेगास २३० सेकंद, १२० वेगास १७७ सेकंद आणि १६० वेगास १५७ सेकंद असे उत्तर येते. वेग ८० वरून १२० वर नेल्याने ५३ सेकंदांचा लाभ होतो. पुढे तितकाच, म्हणजे ४० किलोमीटरांनी, वेग वाढविला तर लाभ फक्त २० सेकंदांचा. अशा पाच टप्प्यांच्या मार्गावर १२० वरून १६० वर जाण्याचा एकूण लाभ १०० सेकंदांचा भरतो. आता त्याच मार्गावरील एक मधला थांबा रद्द केला आणि तेथील ४५ सेकंदांचा मुक्कामही वाचला असे समजा. ताशी १२० वेगातच ८७ सेकंद वाचतात. अर्थात् वेगात एक-तृतीयांश वाढ करून जे मिळते ते एका थांब्याच्या त्यागाने बहुतांशी मिळून जाते, आणि तेही अधिक वीज न खर्चता.

वास्तवात वेगवाढीचा लाभ याहूनही कमी असतो, कारण ताशी ६० च्या पुढे मोटारीची शक्ती अपुरी पडू लागून प्रवेग उत्तरोत्तर घटत जातो. वरील हिशेबात तो शेवटपर्यंत कायम धरला आहे. याच समीकरणावरून मुंबईच्या तिसऱ्या मेट्रो-मार्गाचे स्वरूपही समजते. तेथील स्थानकांमधील सरासरी अंतर सुमारे १.३ किलोमीटर आहे; वरील प्रवेग-मंदनाने ताशी १२० वेग गाठून पुन्हा थांबण्यासच सुमारे १.४ किलोमीटर लागतात. म्हणजे त्या मार्गावर १२० वेगाची गाडी आणली तरी तिला तो वेग सरासरी अंतरात गाठताच येणार नाही. तो मार्ग शहराच्या दैनंदिन वाहतुकीसाठी आहे, व त्या कामी त्याची रचना योग्यच आहे.

याबाबत शांघायचे उदाहरण बोधप्रद आहे. तेथील विमानतळाची चुंबकीय उत्थापनावर चालणारी गाडी ३० किलोमीटरांचे अंतर ताशी ४३१ किलोमीटर कमाल वेगाने ७ मिनिटे २० सेकंदांत कापत असे. ३०० च्या वेगाने तिला ८ मिनिटे १० सेकंद लागतात. १३१ किलोमीटरांच्या अतिरिक्त वेगाचे मोल पन्नास सेकंद.

५. दिल्लीचा अनुभव

दिल्लीची विमानतळ-द्रुतगाडी नवी दिल्ली स्थानकापासून शिवाजी स्टेडियम, धौला कुआं व एअरोसिटी मार्गे विमानतळाच्या तिसऱ्या टर्मिनलास आणि पुढे द्वारका सेक्टर २१ येथे जाते. २२.७ किलोमीटरांत सहाच स्थानके आहेत. मार्ग १,४३५ मिलिमीटर रुंदीचा, विद्युत्-दाब २५,००० व्होल्ट, गाड्या स्पेनमधील काफ कंपनीच्या सहा डब्यांच्या. प्रवाशांनी शहरातील स्थानकावरच आपले सामान विमान-कंपनीच्या स्वाधीन करावे व मोकळ्या हाताने गाडीत बसावे, अशी सोय नवी दिल्ली व शिवाजी स्टेडियम येथे करण्यात आली.

यंत्ररचनेच्या दृष्टीने योजना उत्तम होती. तरीही जुलै २०१२ मध्ये ही सेवा बंद करावी लागली. दोष मोटारींत नव्हता, विजेच्या तारांतही नव्हता. उन्नत मार्गाच्या तुळया ज्या बेअरिंगांवर टेकलेल्या असतात त्यांच्या आधारात तो आढळला. २२ जानेवारी २०१३ रोजी सेवा पुन्हा सुरू झाली ती ताशी ५० किलोमीटरांच्या मर्यादेत. १ जुलै २०१३ पासून तिचे संचालन खाजगी कंपनीकडून दिल्ली मेट्रो महामंडळाकडे आले. पुढील दहा वर्षांत दुरुस्ती व चाचण्यांनंतर वेग टप्प्याटप्प्याने वाढवीत सप्टेंबर २०२३ मध्ये ताशी १२० पर्यंत नेण्यात आला आणि त्याच सुमारास मार्ग द्वारका सेक्टर २५ पर्यंत लांबविण्यात आला.

या इतिहासातून अभ्यासकास दोन बोध घेता येतात. एक असा की, द्रुतगाडीचा वेग तिच्या सर्वांत दुर्बल स्थापत्य-घटकापेक्षा अधिक असू शकत नाही. दुसरा अधिक महत्त्वाचा आहे. २०१४ व २०१५ साली भाडे उतरविण्यात आले, आणि त्यानंतर प्रवाशांची संख्या लक्षणीयरीत्या वाढली. ही वाढ गाडीचा वेग पूर्ववत् होण्याच्या कितीतरी आधीची आहे. केवळ विमानाच्या प्रवाशांवर विसंबून न राहता रोजच्या प्रवाशांसही सामावून घेणारी गाडीच आर्थिकदृष्ट्या तग धरते. हीथ्रोस २०२२ पासून लंडनच्या पोटातून थेट जाणारा एलिझाबेथ मार्ग उपलब्ध झाला आहे. तो त्या १५ मिनिटांच्या गाडीहून मंद आहे, परंतु स्वस्त आहे व अनेक वस्त्यांना वाटेत गाडी न बदलता जोडतो, म्हणून द्रुतगाडीस तो प्रबळ प्रतिस्पर्धी ठरला आहे.

६. फेऱ्यांमधील कालावधी

आतापर्यंत आपण गाडीत बसलेल्या प्रवाशाचा विचार केला. परंतु विमानाच्या प्रवाशाचा काळ गाडीत बसण्यापूर्वीच खर्च होऊ लागतो. विमानाची वेळ त्याच्या हाती नसते. विमानतळावर अमुक वेळेपूर्वी पोहोचलेच पाहिजे असे बंधन असल्यामुळे, त्या वेळेच्या आत पोहोचविणारी शेवटची गाडी त्यास पकडावी लागते. दोन गाड्यांमध्ये क मिनिटांचे अंतर असेल आणि विमानांच्या वेळा गाड्यांच्या वेळापत्रकाशी असंबद्ध असतील, तर विमानतळावर वाया जाणारा काल शून्यापासून क मिनिटांपर्यंत कोठेही असू शकतो. त्याची सरासरी क/२ येते.

दहा मिनिटांच्या अंतराने गाड्या सुटत असल्यास ही हानी पाच मिनिटांची, म्हणून ती कोणाच्या ध्यानातही येत नाही. मोठ्या शहरांच्या विमानतळ-गाड्यांची चर्चा प्रायः कमाल वेगाभोवती फिरते याचे कारण हेच की, वारंवार सुटणाऱ्या गाड्या तेथे गृहीतच असतात. परंतु दोन गाड्यांमध्ये तीन तासांचे अंतर असेल तर सरासरी हानी दीड तासाची होते, आणि मग वेगाने वाचविलेली पाच-सहा मिनिटे हास्यास्पद ठरतात. लहान शहरांच्या बाबतीत सर्व विचाराचा केंद्रबिंदू येथे सरकतो.

७. बारामती व इंदापूर

बारामतीजवळ धावपट्टी आहे, परंतु तेथून नियमित प्रवासी विमानसेवा नाही. म्हणून या दोन तालुक्यांतील प्रवाशाचा विमानतळ म्हणजे आज पुण्याचे लोहगाव होय. बारामती ते दौंड सुमारे ४४ किलोमीटर आणि दौंड ते पुणे सुमारे ७५ किलोमीटर. पुणे स्थानकावरून मेट्रोने रामवाडीपर्यंत जाता येते. मार्च २०२४ पासून हा टप्पा सुरू आहे. आणि तेथून विमानतळ रस्त्यानेच गाठावा लागतो. इंदापूर शहरास लोहमार्ग नाही. त्या तालुक्याचे लोहमार्गाशी नाते मुख्यतः उजनीच्या पाणलोटाजवळच्या भिगवण स्थानकाद्वारे आहे.

या मार्गावर बहुघटक विद्युत्-गाडी चालविली तर काय साधेल? मुख्य मार्गावर ताशी ११० व शाखेवर ताशी ८० वेग, कटफळ, दौंड, उरुळी व हडपसर असे चारच थांबे, दौंडास तीन मिनिटे व इतरत्र एक मिनिट मुक्काम अशी गृहीते धरू. वरील समीकरणाने शाखेवर ३५ मिनिटे, मुख्य मार्गावर ४५ मिनिटे व मुक्कामासह एकूण ८३ मिनिटे होतात. वेळापत्रकात सात मिनिटांची सूट ठेवल्यास दीड तास. हा केवळ गणिती अंदाज आहे; मुख्य मार्गावरील मालगाड्या व लांब पल्ल्याच्या गाड्या यांची गर्दी त्यात धरलेली नाही.

आता सुधारणेचे पर्याय तुलनेने पाहू. मुख्य मार्गावरील वेग ११० वरून १३० वर नेला तर सुमारे सहा मिनिटे वाचतात. शाखेवरील वेग ८० वरून १०० वर नेला तरीही सहा मिनिटांहून किंचित अधिकच वाचतात. शाखा मुख्य मार्गाच्या जवळजवळ निम्म्या लांबीची असूनही लाभ सारखाच. जेथे गाडी सर्वांत मंद चालते तेथे खर्च केलेला रुपया सर्वाधिक वेळ वाचवितो, हा नियम येथे स्पष्ट दिसतो.

तिसरा पर्याय मात्र या दोहोंना मागे टाकतो. दौंड–बारामती शाखा एकेरी आहे. एकेरी मार्गावर एक गाडी बारामतीस जाऊन परत दौंडास येईपर्यंत, वाटेत क्रॉसिंग नसेल तर, दुसरी गाडी सोडता येत नाही. जाण्यायेण्याची ७० मिनिटे आणि दोन्ही टोकांची दहा-दहा मिनिटे मिळून दोन गाड्यांतील किमान अंतर दीड तासाचे होते. म्हणजे प्रवाशाची सरासरी हानी ४५ मिनिटांची. शाखेच्या मध्यावर एका स्थानकात समोरासमोरच्या गाड्यांना एकमेकींस ओलांडता येईल अशी व्यवस्था वेळापत्रकात उपयोगात आणली की हे अंतर सुमारे ४५ मिनिटांवर येते आणि सरासरी हानी २२ मिनिटांवर उतरते. लूप-मार्ग, दोन सांधे आणि सिग्नलांची व्यवस्था एवढ्याने मिळणारा हा लाभ २२ मिनिटांहून अधिक, तर वेगवाढीचा लाभ सहा मिनिटांचा.

अर्थात् मध्यावर क्रॉसिंग असले तरी दर ४५ मिनिटांनी गाडी सोडण्याइतके प्रवासी मिळाले पाहिजेत. येथे दिल्लीचा दुसरा बोध उपयोगी पडतो. विमानाचे प्रवासी या मार्गावर थोडेच असणार; परंतु बारामतीच्या औद्योगिक वसाहतीतील कामगार, शिक्षणसंस्थांचे विद्यार्थी, पुण्यास नोकरीसाठी जाणारे नोकरदार आणि बाजारहाटाचे प्रवासी यांच्या जोडीनेच ती गाडी भरू शकेल. म्हणून येथील विमानतळ-गाडी स्वतंत्र व महाग असू नये. ती सर्वसाधारण जलद गाडीच असावी व तिच्या डब्यांत सामानासाठी पुरेशी जागा, रुंद दारे आणि फलाटाशी समपातळीत तळ असावा.

इंदापूरसाठी निष्कर्ष वेगळा निघतो. तेथे निर्णायक टप्पा लोहमार्गाचा नसून इंदापूर–भिगवण या रस्त्याचा आहे. भिगवणास थांबणाऱ्या गाडीच्या वेळेशी जोडलेली एस. टी. बस नसेल तर मुख्य मार्गावर गाडी कितीही जलद धावली तरी इंदापूरच्या प्रवाशास तिचा उपयोग नाही. बस व गाडी यांच्या वेळापत्रकांची सांगड घालणे हे स्थापत्याचे काम नाही, कार्यालयीन समन्वयाचे आहे. तरीही फलाच्या दृष्टीने त्याचे मोल एखाद्या पुलाएवढे ठरते.

८. पुरंदरचा प्रस्ताव

पुरंदर तालुक्यातील पारगाव, खानवडी, कुंभारवळण, मुंजवडी, एखतपूर, उदाचीवाडी व वनपुरी या सात गावांच्या परिसरात आंतरराष्ट्रीय विमानतळ प्रस्तावित आहे. तो झाल्यास बारामतीच्या दृष्टीने भूगोल बदलेल. पुणे–मिरज मार्ग राजेवाडी, जेजुरी व नीरा या स्थानकांवरून पुरंदर तालुक्यातूनच जातो. बारामती–फलटण–लोणंद हा सुमारे ६४ किलोमीटरांचा दुवा आखण्यात आला असून त्यापैकी लोणंद–फलटण भाग तयार आहे व फलटण–बारामती हा सुमारे ३७ किलोमीटरांचा भाग हाती घेण्यात आला आहे. तो पुरा झाला की बारामतीची गाडी दौंडास न जाता लोणंद व नीरा मार्गे पुरंदरच्या दिशेने जाऊ शकेल.

यापुढील प्रश्न केवळ यंत्रशास्त्राचा राहत नाही. २०२५ साली या गावांतील शेतकऱ्यांनी भूसंपादनाच्या मोजणीस तीव्र विरोध केला. विमानतळापर्यंत लोहमार्गाचा नवा फाटा काढावयाचा झाल्यास तोही जमीन मागणारच. मार्गाची पट्टी ३० मीटर रुंद धरली तर दर किलोमीटरास तीन हेक्टर जमीन लागते. आणि येथे वेगाचा प्रश्न पुन्हा, परंतु निराळ्या रूपाने, समोर येतो. रुळांचा बाह्योन्नताव तोच ठेवला तर वळणाची किमान त्रिज्या वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. ताशी ११० ऐवजी १६० वेगासाठी आखलेल्या मार्गाची त्रिज्या दुपटीहून अधिक असावी लागते. मंद वेगाचा मार्ग विहीर, अंजिराची बाग किंवा गावठाण चुकवून वळसा घेऊ शकतो. जलद मार्गास ते स्वातंत्र्य नसते. फाटा पाच-सात किलोमीटरांचा असेल तर या अतिरिक्त वेगाने फार तर एक मिनिटभर वेळ वाचेल. त्या मिनिटाची किंमत कोण भरतो, हे आखणी करणाऱ्याने कागदावर रेघ ओढण्यापूर्वी पाहिले पाहिजे.

समारोप

विमानतळ-द्रुतगाडीच्या रचनेत उच्च दाबाचा प्रवाह, विभागलेली शक्ती, पुनर्जनक गतिरोधन व मोजके थांबे यांचे स्थान निश्चित आहे. या बाबतीत जगभरच्या अनुभवाने वादास फारशी जागा ठेवलेली नाही. तथापि ही तत्त्वे एका ठिकाणाहून दुसरीकडे नेताना त्यांचा क्रम बदलतो. महानगरात गाड्या वारंवार सुटतात, म्हणून तेथे थांबे व वेग यांची चर्चा अर्थपूर्ण ठरते. बारामती–इंदापूरसारख्या प्रदेशात गाड्यांची संख्या हाच मूळ प्रश्न आहे. तेथे मागणी करावयाची असेल तर ती प्रथम शाखेवरील क्रॉसिंगची, नंतर शाखेच्या रुळांच्या सुधारणेची, त्याबरोबर भिगवणच्या जोडबसची, आणि सर्वांत शेवटी कमाल वेगाची असावी. पदव्युत्तर विद्यार्थ्यांना यात अभ्यासास भरपूर वाव आहे. शाखेवरील गाड्यांच्या प्रत्यक्ष वेळांची नोंद घेऊन वरील समीकरणातील प्रवेग व मंदन यांची खरी मूल्ये काढणे आणि त्यावरून क्रॉसिंगच्या योग्य जागेचा निर्णय करणे, हे काम एका घड्याळाच्या व एका वहीच्या साहाय्याने होण्यासारखे आहे.